बाळाला डोस देताना आईलाही एक प्रश्न विचारा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत तरुण स्त्रियांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर आलेला लेख वाचला. हा विषय घेतलात, फार चांगलं केलंत. पण लेखाचा एकूण सूर असा होता, की मुली शिकतात, नोकरीला लागतात, लग्न लांबवतात, तिशी उलटल्यावर एखादं मूल होऊ देतात, त्यालाही पुरेसं अंगावर पाजत नाहीत, आणि म्हणून हा आजार वाढतोय. म्हणजे लग्न वेळेत झालं, मुलं वेळेत झाली, की काळजी मिटली.

मी ठाण्यात सार्वजनिक आरोग्य सेवेत परिचारिका होते. आधी बरीच वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात, निवृत्तीच्या आधी लसीकरणाच्या टेबलावर. बाळंतिणीची दाटलेली छाती, ठणका, ताप, निपलला पडलेल्या चिरा हे माझं रोजचं काम होतं. आणि माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, राहणारी घणसोलीची, तिला बत्तिसाव्या वर्षी दुसऱ्या बाळंतपणानंतर हाच आजार झाला. तिच्या उपचारांच्या काळात मी डॉक्टरांना विचारून विचारून बरंच समजून घेतलं आणि वाचलं. त्या आधारावर सांगते, लेखातली अर्धी गोष्ट खरी आहे. उरलेली अर्धी छापली गेली नाही, आणि मूल अंगावर असलेल्या बायकांचा जीव त्या उरलेल्या अर्ध्यावर अवलंबून आहे.

खरी अर्धी आधी सांगते. मूल होण्याचा आणि या आजाराचा संबंध आहे हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. इटलीतले डॉक्टर बर्नार्दिनो रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवलं होतं, की मठात राहणाऱ्या संन्यासिनींमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो. १९७० मध्ये संशोधक ब्रायन मॅकमॅहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतल्या बायकांची माहिती तपासून दाखवलं, की अठराच्या आत पहिलं मूल झालेल्या बाईला असलेला धोका पस्तिशीनंतर पहिलं मूल झालेल्या बाईच्या धोक्याच्या साधारण एक तृतीयांश असतो. २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. दर बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी कमी होतो आणि अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी. यात वाद नाही. बाळाला पाजा, असं मी हजारो जणींना सांगितलं आहे आणि उद्याही सांगेन.

पण हा हिशेब सगळ्या आयुष्याचा आहे. जगभराचा विचार केला तर स्तनाचा कर्करोग बहुतेक करून पन्नाशी-साठीनंतर होतो, आणि मूल झाल्याचा फायदाही मुख्यतः त्या वयात पदरात पडतो. तिशी-पस्तिशीतल्या, नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं काय, याचं उत्तर त्या आकड्यांत नाही.

ते उत्तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या कामात आहे. जगभरातल्या १५ अभ्यासांमधून पंचावन्नच्या आतल्या जवळपास नऊ लाख बायकांची माहिती त्यात एकत्र केली होती. त्यात असं दिसलं, की बाळंतपणानंतर हा धोका काही काळ वाढतो. साधारण पाच वर्षांनी तो सगळ्यात जास्त असतो, मूल न झालेल्या त्याच वयाच्या बाईपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी अधिक. मग हळूहळू उतरत जातो आणि बाळंतपणाला चोवीस-पंचवीस वर्षं होऊन गेल्यावर मूल झालेल्या बाईच्या बाजूने पारडं झुकायला लागतं. पहिलं मूल उशिरा झालेल्या आणि घरात कुणाला हा आजार असलेल्या बायकांमध्ये हा चढ जास्त होता. पाजलं किंवा न पाजलं, यामुळे या चढात फरक दिसला नाही.

८० टक्के वाचून कुणी घाबरू नये, म्हणून दुसरा आकडाही देते. एक्केचाळीस ते पंचेचाळीस या वयात, आधीच्या तीन ते सात वर्षांत बाळंत झालेल्या बायकांमध्ये, मूल न झालेल्यांच्या तुलनेत, एक लाखामागे ४१ जणींना जास्तीचा आजार झाला होता. लाखात एक्केचाळीस. तरुणपणी हा आजार मुळातच कमी असतो, त्यामुळे वाढ होऊनही संख्या लहानच राहते. मूल होऊ देऊ नका असा याचा अर्थ कुणी काढू नये. पण त्या एक्केचाळीसपैकी एक जण आपल्या समोरच्या बाकावर बाळाला घेऊन बसलेली असू शकते, आणि तिला कुणी 'दोन मुलं झालीत, पाजतेस, तुला कशाला होतंय' म्हणून घरी पाठवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

असं का होतं याबद्दल संशोधकांनी जे दाखवलं आहे ते मला बाळंतिणींची छाती रोज पाहिलेली असल्यामुळे चटकन पटलं. गरोदरपणात आणि पाजण्याच्या काळात स्तनात दूध तयार करणाऱ्या पेशी भरभरून वाढतात. बाळ अंगावरून तुटलं, म्हणजे पाजणं थांबलं, की त्या सगळ्या पेशी मोडीत काढायच्या असतात. लग्नघरचा मांडव कार्य उरकल्यावर सोडवतात, तेव्हा बांबू उपसले जातात, खड्डे पडतात, चार परकी माणसं अंगणात वावरतात, तसं काहीसं तिथे चालतं. जखम भरताना शरीर जे करतं तेच इथे करतं. दाहाच्या पेशी येतात, नवे धागे विणले जातात, वाहिन्या वाढतात. हे सगळं निसर्गाचं आहे आणि बहुतेकींच्या बाबतीत ते सुरळीत पार पडतं. पण तिथे आधीच एखादी बिघडलेली पेशी दडून बसलेली असेल, तर या गडबडीत तिला वाढायला आणि पसरायला वाट मिळते. अमेरिकेतल्या पेपर शेडिन या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

आता लेखात ज्याचा उल्लेखच नव्हता त्याकडे येते. आजार होण्याची शक्यता ही एक गोष्ट आणि आजार झाल्यावर बाई वाचण्याची शक्यता ही दुसरी. मुलं झाल्याने पहिल्या बाबतीत म्हातारपणी फायदा होतो, म्हणून दुसऱ्या बाबतीतही होईल असं सगळे गृहीत धरतात. तरुण बायकांच्या बाबतीत तसं दिसत नाही. १९९७ मध्ये डेन्मार्कमधल्या, पंचेचाळीस किंवा त्याहून कमी वयात निदान झालेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. किती मुलं झाली याने त्यांच्या जगण्या-मरण्यात फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो शेवटच्या बाळंतपणाला किती काळ झाला याने. बाळंतपणानंतर दोन वर्षांच्या आत निदान झालेल्या बायकांचा मृत्यूचा धोका, पाच वर्षांहून जास्त काळ लोटलेल्यांपेक्षा दीडपटीहून थोडा अधिक होता. गाठीचा आकार आणि काखेतल्या गाठी यांचा हिशेब वजा करूनही. म्हणजे केवळ उशिरा लक्षात आलं एवढंच त्याचं कारण नाही. नंतर इतर देशांतही असंच दिसत आलं. काही अभ्यासांत हा नाजूक काळ पाच वर्षांचा, काहींत दहापर्यंतचा.

त्यामुळे तरुण रुग्णाला 'मुलं किती?' हे विचारून पुरत नाही, 'धाकटं केवढं आहे?' हे विचारायला हवं. आपल्याकडे तर आणखीच हवं. भारतात २०२२ या एका वर्षात अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाला आणि ९८ हजारांहून अधिक मरण पावल्या. पाश्चात्य देशांच्या मानाने आपल्याकडच्या रुग्ण सरासरी दहा वर्षांनी तरुण असतात. म्हणजे लहान मूल असलेल्या बायकांचा वाटाही आपल्याकडे मोठा.

भाचीचं सांगते. धाकटा सात महिन्यांचा होता तेव्हा तिला डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, काखेकडे गाठ लागली. दुखत नव्हती. घरातल्यांचं एकच, दूध साकळलं असेल. शेक झाला, मालिश झाली, कोबीची पानं झाली. एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी वरवर पाहिलं, दोन्ही बाळंतपणांची चौकशी केली, मोठीला दीड वर्ष पाजलं होतं हे ऐकलं आणि म्हणाले, 'मग काळजीचं कारणच नाही. दुधाची गाठ आहे, जाईल.' पाच दिवसांची अँटिबायोटिकची गोळी दिली. गाठ गेली नाही. महिन्याभराने परत गेली तर त्या बाजूने जास्त पाजा, असं सांगून पाठवलं. तिची बाळंतपणं आणि तिचं पाजणं, जे तिने मन लावून केलं होतं, तेच तिच्या तपासणीच्या आड आलं.

मग एका रविवारी ती माझ्याकडे आली. "मावशी, जरा बघ ना, सगळे म्हणतात दूध आहे, पण मला तसं वाटत नाही." मी आधी बाळाला त्याच बाजूने पोटभर पाजायला लावलं. मग तिला आडवं केलं, डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगितला, खांद्याखाली घडी घातलेला टॉवेल सरकवला आणि तीन बोटांच्या सपाट भागाने हळूहळू गोल दाबत गेले. दुधाने दाटलेला भाग पाजल्यावर मऊ पडतो, गाठ लहान होते किंवा हलते. ही जशीच्या तशी होती. कडा कुठे संपते ते बोटाला नीट कळत नव्हतं, आणि दाबल्यावर आजूबाजूचा भाग तिच्याबरोबर ओढला जात होता. काखेतही एक लहान गाठ लागली. मी तिला 'काही नसेल गं' म्हटलं नाही. 'उद्या सोनोग्राफी करायची' म्हटलं.

वाशीला सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी काखेतही मशीन फिरवून पाहिलं आणि सुईची बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं, लिहून दिली. इथे एक अडचण आली, ती मुद्दाम सांगते. घरात कुणी म्हणालं, आधी बाळ तोडा, दूध आटू द्या, मग तपासण्या करा. तसं करायची मुळीच गरज नसते. सोनोग्राफी पाजत असताना होते. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, तोही होतो, फक्त आधी पाजून छाती रिकामी करायची. सुईची बायोप्सीही पाजत असताना करता येते, टोचलेल्या जागेतून क्वचित थोडे दिवस दूध झिरपतं एवढंच. दूध आटायची वाट पाहत बसलं की दीड-दोन महिने सहज जातात.

निदान ट्रिपल निगेटिव्ह आलं. हा प्रकार तरुण बायकांमध्ये तुलनेने जास्त आढळतो, आणि हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या त्यावर चालत नाहीत. उपचार खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये झाले, टाटा स्मारकाच्याच केंद्रात. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. केमो सुरू होण्याआधी बाळाचं पाजणं थांबवावं लागलं, कारण ती औषधं दुधातून उतरतात. जन्मापासून अंगावर असलेलं पोर एका आठवड्यात वाटी-चमच्यावर आणायचं म्हणजे काय, ते ज्या घरात झालं त्या घरालाच माहीत. रात्री ते तिच्या कुशीत शिरून पदर ओढायचं, म्हणून जावई त्याला घेऊन दुसऱ्या खोलीत झोपत. तिची सासू चौथीपर्यंत शिकलेली, पण त्या माउलीने केमोच्या वेळापत्रकाचा कागद फ्रिजवर चिकटवून एकेक खूण करत सगळं निभावलं. पाजणं थांबवणं हा निर्णय डॉक्टरांनी औषध पाहून घ्यायचा असतो. घरच्यांनी नुसत्या संशयावरून बाळ तोडू नये.

आणखी एक. भाचीच्या आत्याला चाळिशीत हाच आजार झाला होता. पहिल्या डॉक्टरांनी 'आईला, मावशीला, आजीला आहे का?' एवढंच विचारलं होतं. तिने नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरंच होतं. आत्या कुणाच्या ध्यानात आली नाही. पण या आजाराचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो. भाचीची जनुकांची तपासणी झाली तेव्हा तो निघाला. आता तिच्या भावाने आणि चुलत बहिणींनीही समुपदेशन घेतलं आहे. वडिलांच्या बाजूच्या बायकांचीही चौकशी करा, एवढं वाक्य तुमच्या वाचकांपर्यंत पोचलं तरी मला समाधान वाटेल.

त्या हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकड्यांवर मी पुष्कळ बसले. तिथे बायका आपसात बोलतात. भाचीला विचारत, 'दोन मुलं, दोघांना पाजलंस, तरी तुला कसं झालं?' शेजारच्या अविवाहित मुलीला म्हणत, 'वेळेवर लग्न केलं असतंस तर...' म्हणजे मुलं असली तरी बाईनेच काहीतरी कमी केलेलं, नसली तरी बाईचंच चुकलेलं. आजार अंगावर घेऊन बसलेल्या तरुण पोरीला हा हिशेब कशाला विचारायचा? तुमचा लेख वाचताना मला तीच बाकडी आठवली. लाखो बायकांची सरासरी काढून मिळालेला आकडा एका बाईच्या कपाळी गुन्हा म्हणून लिहिता येत नाही. आणि अठराच्या आत मूल झाल्याने धोका एक तृतीयांश होतो, म्हणून कुणी शहाणा माणूस मुलीचं लग्न शाळेतून काढून लावून देणार नाही. त्या वयातल्या बाळंतपणात काय होतं ते मी वॉर्डात पाहिलेलं आहे.

तिथेच नेरूळची एक मुलगी भेटायची. तिचा आजार हार्मोनला प्रतिसाद देणारा, त्यामुळे पाच-दहा वर्षं हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या. मूल नव्हतं. नातेवाइकांनी तिला सांगून टाकलं होतं, आता मुलाचं नाव काढू नकोस, गरोदर राहिलीस तर आजार उलटेल. अशा मुलींसाठी २०२३ मध्ये एक आशेची गोष्ट प्रसिद्ध झाली, ती छापण्यासारखी आहे. 'पॉझिटिव्ह' नावाच्या चाचणीत बेचाळीस किंवा त्याखालच्या वयाच्या पाचशेहून अधिक बायका होत्या. दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेतल्यावर त्यांनी मूल होण्यासाठी दोन वर्षांपर्यंत गोळ्या थांबवल्या. तीन वर्षांच्या टप्प्यावर आजार परतण्याचं प्रमाण त्यांच्यात ८.९ टक्के होतं, आणि गोळ्या न थांबवलेल्या तशाच बायकांमध्ये ९.२ टक्के. यातल्या जवळपास दोन तृतीयांश बायकांना जिवंत मूल झालं. पुढची वर्षं अजून पाहायची आहेत आणि हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं, पण 'मुलाचं नाव काढू नकोस' असं सरसकट सांगणं आता बरोबर नाही. केमोने बीजकोशांवर परिणाम होतो, म्हणून ज्यांना पुढे मूल हवं आहे त्यांनी केमो सुरू होण्याआधीच बीजांड किंवा गर्भ गोठवून ठेवण्याबद्दल विचारायचं. पहिला डोस झाल्यावर विचारून उशीर होतो, आणि त्या घाईगडबडीत बहुतेकींना हे कुणी सांगत नाही.

गरोदरपणातच गाठ निघाली तरी घाबरून गर्भ पाडायची घाई करू नये. गर्भ पाडल्याने बाई जास्त जगते असं दिसलेलं नाही. पहिले तीन महिने उलटल्यावर काही केमो औषधं गरोदरपणातही देता येतात, ऑपरेशन करता येतं. रेडिएशन आणि हार्मोनच्या गोळ्या मात्र बाळंतपणानंतर.

आता माझी मागणी. ती मोठी नाही, त्याला नवी इमारत लागत नाही की नवं मशीन. बाळंतीण झाल्यावर बाई स्वतःसाठी दवाखान्यात येत नाही, बाळासाठी मात्र चुकवत नाही. सहा आठवड्यांचा डोस, दहाचा, चौदाचा, मग नऊ महिन्यांचा गोवर-रुबेला, मग सोळा महिन्यांनंतरचा बूस्टर. धोक्याच्या सुरुवातीच्या काळात ती बाई पाच वेळा आपल्या टेबलासमोर येऊन बसते. आपण बाळाचं वजन करतो, कार्डावरच्या आलेखात खूण करतो, ताप आला तर काय द्यायचं ते सांगतो. त्याच वेळी तिला एवढंच विचारायचं, 'तुझ्या छातीत कुठे गाठ आहे का, पाजल्यावरही न जाणारी? दोन आठवड्यांहून जास्त झाले का?' हो म्हणाली तर आडोशाला नेऊन हात लावून पाहायचा आणि सोनोग्राफीची चिठ्ठी द्यायची. औषधाने न उतरणारी सूज, लाल झालेली जाड कातडी, निपलमधून येणारं रक्त, आत ओढलं गेलेलं निपल, काखेतली गाठ, यांनाही तीच चिठ्ठी. माझ्या नोकरीत मी कितीतरी रकाने भरले, पण हा प्रश्न विचारायला मला कोणत्याही रकान्याने लावलं नाही.

सरकारची तपासणी मोहीम आहे, पण ती तीस वर्षांच्या पुढच्यांसाठी. चोवीस-पंचवीसला बाळंत होणारी कळव्याची किंवा दिव्याची मुलगी त्यात बसत नाही. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर कुणी डॉक्टर मला अडवतील. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या साधारण निम्म्या बायकांची छाती प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासली, उरलेल्या तुलनेसाठी होत्या. आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीखाली मात्र मृत्यूत तशी घट दिसली नाही. म्हणून काही त्रास नसलेल्या प्रत्येक तरुण आईची छाती तपासत सुटा, असं मी म्हणत नाही. ज्या बाईला स्वतःच्या हाताला गाठ लागली आहे आणि जी कुणीतरी विचारायची वाट पाहते आहे, तिला विचारा, असं म्हणते. दहावी झालेली मुलगीही नीट शिकवलं तर छाती उत्तम तपासू शकते, हे मात्र त्या अभ्यासाने आपल्याच शहरात दाखवून दिलं आहे. आशाताई आणि एएनएम ताईंना त्याचं प्रशिक्षण द्या. मी स्वतः शिकवायला यायला तयार आहे, मानधन नको.

डॉक्टरांनाही विनंती आहे. पाजणाऱ्या बाईच्या दहा गाठींपैकी नऊ दुधाच्या किंवा साध्या सुजेच्याच असतात असं आम्हीही म्हणायचो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच ठरतं. पण गाठ दोन आठवड्यांनी तिथेच असेल तर बाळंतपणांची संख्या विचारून समाधान करून घेऊ नका. सोनोग्राफी लिहून द्या. खर्चाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात पाठवा. आणि आजार निघालाच तर घाबरलेल्या कुटुंबाला महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल त्याच दिवशी सांगा. आमच्या ओळखीतल्या एका घराने आधी सोनं मोडलं आणि योजना असल्याचं त्यांना नंतर कळलं.

भाची आता बरी आहे. नियमित तपासण्या चालू आहेत, महापेच्या ऑफिसात परत रुजू झाली आहे. हे पत्र तिने वाचलं आहे आणि छापायला तिची परवानगी आहे, फक्त आमची नावं देऊ नयेत. तुमच्या आरोग्याच्या पानावर अधूनमधून बाळाच्या लसीकरणाचं वेळापत्रक येतं, बायका ते कापून कपाटाच्या दाराला आतून लावतात. पुढच्या वेळी ते छापाल तेव्हा त्याच्याच खाली आईसाठी एक चौकट द्या. पाजल्यावरही न जाणारी गाठ, दोन आठवडे, सोनोग्राफी, त्यासाठी पाजणं थांबवायचं नाही. मजकूर मी लिहून देईन, तुमच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
कळवा, जि. ठाणे